होल्डवरची शीळ

५ जानेवारी

बारक्या,

‘प्रिय’ लिहायला गेले, पण हात वळेना, म्हणून नुसतंच बारक्या. सात वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस. घरी जे आहेत ते जिवंत आहेत. फोन का केला नाही, म्हणशील. दिवसाचे आठ तास माझ्या कानाला फोन असतो. संध्याकाळी घरात फोन वाजला तरी मला मळमळतं. म्हणून कागद.

माझं काम एकच आहे. ती शीळ काढून टाक.

कुठली, असं साळसूदपणे विचारू नकोस. तू आमच्या कंपनीला दिलेली. लोकांचं कपडे धुवायचं मशीन बंद पडतं, ते चिडून तक्रार करायला फोन करतात, आमच्या पोरी म्हणतात, “एक मिनिट होल्डवर ठेवते हं,” आणि झाली सुरू बाबांची शीळ. आपल्या बाबांची! खाली तुझं ते तालाच्या यंत्रावरचं टुकटुक टुकटुक. मध्येच एक बाई पाकात बुडवलेल्या आवाजात सांगते, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” पुन्हा टुकटुक. शी!

एकेकाळी मी या शिळेवर जीव टाकायचे, हे तुला सांगायला नको. मागच्या खोलीत, आपल्या दातांच्या खोलीत, बाबा गिऱ्हाइकांच्या कवळ्या घासायला बसायचे. पॉलिशचं चाक सुरू झालं की घूं असा एक सूर धरायचं, आणि त्या सुरावर बाबा शीळ ठेवायचे. दोन ओळी वर चढायच्या, मग बाबा थांबून दातांवरची भुकटी उडवायचे, फू, आणि मग तिसरी ओळ. आपल्याला वाटायचं ते फू चालीतलंच आहे. तू तर शाळेच्या कार्यक्रमात फू सकट वाजवलीस आणि अख्खा वर्ग हसला, तरी घरी येऊन म्हणालास, “त्यांना चाल येत नाही.” फडताळावर प्लास्टरचे जबडे मांडलेले, खाली आपण दोघं मेणाच्या तुकड्यांशी खेळत, आणि वर ती शीळ. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की जगातलं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं, तर मी त्याला हात धरून त्या खोलीत नेलं असतं.

आता ऐक तिचं काय झालंय ते. दोन वर्षांपूर्वी मला फोन घेण्यावरून काढून तपासणीवर बसवलं. म्हणजे पोरींनी घेतलेले कॉल नंतर ऐकायचे आणि गुण द्यायचे. बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. होल्डवर ठेवलं तरी रेकॉर्डिंग चालूच असतं. त्यांना वाटतं, शीळ वाजतेय म्हणजे कुणी ऐकत नाही. मग माणसं सुटतात. शिव्या देतात, आयाबहिणींवरून, आमच्या त्या विशीतल्या पोरींना. नवराबायको एकमेकांचे वाभाडे काढतात. कोणी ढेकर देतं, कोणी फोन घेऊनच संडासात जातं. एक गृहस्थ आहेत, ते घसा साफ करून थुंकतात, आणि तुझ्या त्या टुकटुकीच्या तालावर, बरोब्बर समेवर! हे सगळं बाबांच्या शिळेवर सांडतं, आणि मी ते दिवसभर कानात घालून बसते. आता पहिली ओळ सुरू झाली की मला आधी थुंकी आठवते, मग बाबा. कधीकधी बाबा आठवतच नाहीत.

बाबांना सप्टेंबरात झटका आला तेव्हा तू दवाखान्यात येऊन गेलास म्हणे. काचेबाहेर उभा राहिलास आणि गेलास. मी औषधं आणायला खाली गेले होते. बरं झालं, भेट झाली नाही ते. आता ते घरी आहेत. बोलता येत नाही, डावा हात उचलत नाही, तोंड एका बाजूला ओढलंय आणि ओठ मिटत नाहीत. जिना चढणं शक्य नाही, म्हणून खाट दातांच्या खोलीतच टाकली आहे.

शीळ त्यांनी त्याआधीच, सात वर्षांपूर्वी बंद केली होती. ती का, आणि तुझ्याबद्दल ते काय म्हणाले, ते मी तेव्हाच तुला कळवलं होतं. पुन्हा उगाळत नाही. निदान आता तरी ती कंपनीतून काढून घे. एवढं कर आणि मग पुन्हा पत्र लिहू नकोस.

ताई


१९ जानेवारी

बारक्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. चाल आता कंपनीची झाली, तुझ्या हातात काही नाही. छान! हात झटकायला तुला लहानपणापासून येतंच.

वर मला आठवण करून देतोस की कंपनीला चाल हवी आहे हे मीच तुला सांगितलं होतं, आणि ती पहिल्यांदा वाजली तेव्हा मीच सगळ्या मजल्याला चहा पाजला होता. हो, पाजला होता. टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं होतं, “हे माझे बाबा आहेत.” मला तरी कुठे माहीत होतं की लग्नात एकदा गोड खाणं वेगळं आणि तेच रोज आठ तास कोंबून घेणं वेगळं. आणि ते फू तू मुद्दाम ठेवलंस, म्हणतोस. आमच्याकडे त्याबद्दल तक्रारी येतात. लोकांना वाटतं लाइनमध्ये बिघाड आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मूळ टेप तुझ्याकडे आहे, टुकटुक नसलेली, ती बाबांसाठी पाठवू का, असं विचारतोस. नको. अजिबात नको. त्या घरात मला आठवड्यातून एक दिवस जायचं असतं, गुरुवारी, माझ्या सुट्टीला, आणि तेवढा एक दिवस मला त्या आवाजाशिवाय हवा आहे. मागे एकदा आई बाबांचं अंग पुसताना तीच चाल गुणगुणत होती. माझ्या हातात मऊ भाताची वाटी होती, ती मी तशीच मोरीत आदळली. म्हटलं, “आई, ही चाल या घरात पुन्हा ऐकू आली तर मी यायची बंद होईन. मला ओकारी येते.” आई खाली बसून भात गोळा करायला लागली. बाबा माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून आईचं काहीतरी विचित्र चाललंय. मला म्हणते, “तू आपली दुपारी बारानंतर येत जा गं, सकाळी आमची गडबड असते.” गडबड कसली? दोन म्हातारी माणसं. मध्ये एका गुरुवारी साडेदहालाच पोचले तर तिने मला लगेच बाजारात पिटाळलं, आणि यादीत काय, तर एक साबण.

बाबांचं म्हणशील तर व्यायाम शिकवायला एक बाई येते. ती त्यांच्या तोंडासमोर मेणबत्ती धरते आणि फुंकर मारा म्हणते. ओठ जुळायला लागले तर पाणी नीट पिता येईल, पुढेमागे दोन शब्दही येतील, असं तिचं म्हणणं. डिसेंबरपासून थोडी सुधारणा आहे. एवढ्यात कशी काय, ते तिलाही कळत नाही. म्हणाली, “तुम्ही घरी काहीतरी जास्त करून घेताय का?” आई म्हणाली, “छे, काही नाही.”

बाकी ऑफिसात एक गंमत. गंमत कसली, वैताग. काही लोक उगाचच फोन करतात, त्यांची एक यादी निघते. तक्रार नसताना पुन्हापुन्हा फोन करणारे. अशा माणसाचे तीन कॉल नीट ऐकायचे आणि मग खूण करायची की नंबर बंद करावा. आम्हाला नंबराचे शेवटचे तीनच आकडे दिसतात. त्यात एक शून्य चार एक आहे. माझ्या शेजारी बसणारी चष्मेवाली तिला ‘एकेचाळीसवाली’ म्हणते. रोज सकाळी अकरा वाजता फोन! मशीन आवाज करतं म्हणते, पोरगी कसला आवाज विचारते, तर “बघून सांगते” म्हणते आणि होल्डवर जाऊन बसते. पोरी हसून हसून बेजार. पडद्यावर बोलणं निळं दिसतं आणि होल्ड पिवळं, तर एकेचाळीसवालीचे कॉल शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पिवळे. चष्मेवाली म्हणाली, “अगं, एकदा ऐक तरी, काय करते ती होल्डवर.” मी म्हटलं, माझ्या कानांवर दया कर. खरं सांगू? पिवळी पट्टी आली की मी हल्ली आवाजच बंद करते. परवा, सतरा तारखेला, चौदा नंबरांवर एका दमात खुणा केल्या आणि यादी वर पाठवून दिली. चौदा माणसं तरी कमी झाली ती शीळ ऐकणारी.

टेप पाठवू नकोस. पुन्हा सांगते.

ताई


९ फेब्रुवारी

बारक्या,

बाबांचं बरं नाही. तुला कळवणं माझं काम आहे म्हणून कळवते.

गेले तीन आठवडे ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. व्यायामवाली मेणबत्ती धरते, ते डोळे मिटून घेतात. जेवण जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मन उतरतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आई मानेने नको नको करत राहिली.

घरात गेलं की त्या खोलीतला वास आधी अंगावर येतो. औषधं, लघवीचं भांडं, आणि अजूनही कुठूनतरी जुन्या मेणाचा. फडताळावरचे जबडे तसेच आहेत, धूळ खात. मी जाते, चादर बदलते, घोटघोट पाणी पाजते. अर्धं हनुवटीवरून खाली येतं. मला माझ्याच बापाची किळस येते, बारक्या, आणि मग माझी मलाच येते. तू तिकडे लांब बसून सुटलास.

गेल्या गुरुवारी निघताना आईने विचारलं, “तुमच्या कंपनीचा फोन हल्ली लागत नाही का गं?”

मी म्हटलं, “मशीन बिघडलं का?”

“नाही. मशीन चांगलं आहे.”

“मग तुला कशाला हवाय फोन?”

“सहज,” म्हणाली आणि बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत बसली. सगळीच हल्ली कशी खुळ्यासारखी वागतात. इतकंच.

ताई


१३ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र नीट बसून वाच. मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय.

काल गुरुवार. मी दहालाच गेले, मुद्दाम. दातांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई आत बाबांना धुवत होती, म्हणून बाहेर थांबले. दारावर ती पाटी आहे ना, ‘कवळ्या बनवून मिळतील’, तूच रंगवलेली, खाली त्या खोलीतल्या फोनचा नंबर, जो मी कधी लावलाच नाही. मी जन्मभर त्या पाटीखालून ये-जा केली, कधी वाचली नाही. काल करायला दुसरं काही नव्हतं म्हणून वाचली. शेवटचे आकडे शून्य चार एक.

 तशीच रिक्षा केली आणि सुट्टीच्या दिवशी ऑफिसात जाऊन बसले. एकेचाळीसवालीचे कॉल काढले. पन्नास होते. पहिला नोव्हेंबर अखेरचा. निळ्या पट्टीत आईचा आवाज, फोनवर ओरडून बोलते तसा. “नमस्कार. आमचं मशीन आहे ना, ते गोल फिरताना अडखळतं बरं का.” त्या दिवशी ते खरंच अडखळत असावं. पोरीने होल्डवर ठेवलं. आणि पिवळ्या पट्टीत, मी सात वर्षं जिला शिव्या घातल्या त्या शिळेच्या खाली, आई कुजबुजते, “अहो! अहो, हे तुम्ही आहात. ऐकलंत का? तुम्ही!” मग खाट करकरते. मग बाबांचा श्वास ऐकू येतो, अगदी फोनजवळ.

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा. मशीनचं एकेक दुखणं शोधून काढायची. एकदा म्हणे त्याला पाणी पचत नाही. पोरगी परत लाइनवर आली की आईचा सूर पडायचा. एका कॉलमध्ये म्हणते, “अहो, इतक्यात कशाला आलात? ठेवा की परत. आम्हाला काही घाई नाही.” मी तिथे एकटी बसून हसले, आणि मग टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात खरोखरच ओकले. शिळेमुळे नाही.

अठरा डिसेंबरचा कॉल ऐक. म्हणजे तुला ऐकता येणार नाही, मी सांगते. दोन ओळी झाल्या, तुझ्या टेपमधलं फू आलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक फू. ओलं, वाकडं, निम्मी हवा गालातून निसटलेलं. मी पट्टी मागे नेऊन पाच वेळा ऐकलं. बाबांचं होतं ते. ओठ जुळवून. आई रडत की हसत, कळत नाही, म्हणते, “जमलं! अहो, जमलं की! उद्या परत हं.” त्यानंतर प्रत्येक कॉलमध्ये ते आहे. त्या जागी, रोज, जरा जास्त नीट. व्यायामवालीच्या मेणबत्तीला जे जमलं नाही ते.

शेवटचा कॉल सतरा जानेवारीचा. त्यानंतर माझी खूण. बंद केलेल्या नंबरावरून फोन आला तर रेकॉर्ड होत नाही, नुसती नोंद पडते. आईने रोज अकरा वाजता लावलाय. सव्वीस दिवस. आपल्या घरचे दोन्ही फोन त्या एका मशीनच्या नावावर आहेत, म्हणून दोन्ही बंद. मला का नाही सांगितलं, असं मी तिला विचारूही शकत नाही. वाटी आदळणारी मी.

आता दुसरं. हे दातांवर दात ठेवून लिहिते.

बाबांनी शीळ तुझ्यामुळे बंद केली नाही. तू चाल कंपनीला दिलीस हे कळलं तेव्हा ते खो खो हसले होते. आईला म्हणाले, “बघ, आता लोक मला फोन करून शीळ घालायला लावतात.” पुढे काही महिन्यांनी मी कामावरून आले, दिवसभर तीच शीळ ऐकून आणि शिव्या खाऊन. बाबा कवळी घासत होते आणि शीळ सुरू होती. मी दारात उभी राहून ओरडले, “बंद करा ती! मला घाण वाटते तिची!” त्यांनी चाक बंद केलं. म्हणाले, “बरं बाळा.” बस, एवढंच. त्या दिवसानंतर चाक फिरायचं, शीळ नाही. मी आठवडाभर वाट बघितली की ते विसरतील आणि वाजवतील. नाही वाजवली. मग मला ते सहन होईना, आणि मी तुला पत्र लिहिलं. बाबांनी तुझ्यामुळे शीळ सोडली, तुझं तोंड बघायचं नाही म्हणतात. बारक्या, ते असं काही म्हणाले नव्हते. एक अक्षरही नाही. ते वाक्य माझं आहे. दोष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता आणि तू लांब होतास.

तू आईला फोन करायचास तेव्हा बाबांचं नाव निघालं की विषय बदलायचास, असं आई सांगते. बाबांना वाटायचं, मुलगा मोठा माणूस झाला, कामात असतो. आणि तू त्या काचेबाहेर उभा राहिलास.

काय लिहू पुढे. मला शिळेची शिसारी येत होती ना? आता पेन धरलेल्या या हाताची येते.

ताई


३ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मीही दिलं नसतं.

तरी लिहिते, कारण घरचं तुला कळायला हवं. आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, तीन कॉल न ऐकता खुणा केल्या हेसुद्धा. त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि म्हणाल्या, बंद केलेला नंबर सहा महिने उघडत नाही, नियम आहे. मीच तो नियम चार पोरींना शिकवलाय.

पण तपासणीवाल्यांना रोज पाच ग्राहकांना उलट फोन करावा लागतो, काम समाधानकारक झालं का, हे विचारायला. बंदी येणाऱ्या फोनवर असते, जाणाऱ्या फोनवर कुणी घातलेली नाही. म्हणून रोज अकरा वाजता माझा पहिला फोन दातांच्या खोलीत. आई उचलते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “आई, मी बोलतेय.” ती घाबरली, “काही झालं का?” मी म्हटलं, “काही नाही. होल्डवर ठेवते हं.” पलीकडे खाट करकरली. मग म्हणाली, “ठेव.”

गुरुवारी मी घरी असते, तेव्हा चष्मेवाली लावते. माझे कॉल तपासायला तिच्याकडेच जातात. अख्खा कॉल पिवळा, आणि शेवटी तिने शेरा मारलेला असतो, ‘ग्राहक समाधानी’. 

आईला ते सात वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. तुला लिहिलेलं पत्रसुद्धा. तिने मला जवळ घेतलं नाही, ते बरंच झालं. म्हणाली, “तू ओरडलीस ते मला माहीत होतं. ते म्हणाले होते, पोरीच्या कानाला दिवसभर त्रास असतो, घरी तरी नको. पण बारक्याला तू असं लिहिलंस?” मग उठून गेली. 

पहिले चार दिवस बाबा भिंतीकडेच होते. पाचव्या दिवशी मान वळवली, आई म्हणते. बावीस तारखेला रेकॉर्डिंगमध्ये मी त्यांचं फू ऐकलं. नळी घालायची नाही असं डॉक्टर म्हणाले, सध्या तरी. काल ते पेल्याने पाणी प्यायले, हनुवटीवर फक्त दोन थेंब.

तुला वाटेल, आता मला ती शीळ पुन्हा गोड लागत असेल. नाही लागत. खोटं कशाला सांगू, खोटं सांगून झालंय एकदा. पहिली ओळ सुरू झाली की अजूनही तो थुंकणारा माणूस येतो. मी टेबलाची कड धरून बसते. पण आवाज बंद करत नाही. बाबांचं फू कधी पडतं ते ऐकायचं असतं.

एक सांगायचं राहिलं. तुझी ती टुकटुक सुरू झाली की बाबा कपाळाला आठ्या घालतात. परवा चांगल्या हाताने त्यांनी चाकाकडे बोट केलं. आईला कळेना. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं. त्यांना खाली चाकाचा घूं हवा आहे, तुझ्या टेपवर आहे तसा. तीच टेप, जी मी नको म्हटलं होतं.

पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. काचेबाहेर उभा राहायची गरज नाही, खोलीला काच नाहीच. दार ढकललं की उघडतं. अकराच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघू नकोस, चालेल. तू टेप लावलीस की मी कदाचित दाराबाहेर जाऊन उभी राहीन, पाटीखाली. मला ते ऐकवणार नाही. पण फूपर्यंत थांबेन.

ताई